बारा वावरांचा ट्रेनर

२ डिसेंबर
बोरी बुद्रुकमध्ये आजपासून शाश्वत शेतीचं प्रशिक्षण. ट्रेनर मी. संस्थेच्या नव्या मॅडम १५ तारखेला पाहणीला येणार. ओळख फक्त ई-मेलवरची. काम आवडलं की मी पर्मनंट, शिवाय आंबेगाव तालुकाही माझ्याकडे. आवडणारच. सहा दिवसांचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलंय.
हजेरी शून्य. प्रचार कमी पडला.

४ डिसेंबर
हजेरी एक. हौशीराम आजोबा. सावलीला बसले आणि झोपले. ऐकत होते, असं माझं मत आहे.

५ डिसेंबर
थिअरी बंद, प्रॅक्टिकल सुरू! संस्थेच्या वीस गुंठे टोमॅटोत आधी खुरपणी, मग उसाच्या पाचटाचं आच्छादन. ओल टिकते. शेजारच्या प्रयागबाईंना सांगितलं. त्यांच्या वावरात दहा वर्षं पाचट पडतंय म्हणे. योगायोग.
"आमी बाराजणी येतो, पर मग तुमी बी आमच्यात यायचं," म्हणाल्या. जेवायला बोलावतायत. केवढं अगत्य! नक्की येतो म्हटलं.

६ डिसेंबर, सायं. ६
ऐतिहासिक दिवस. बाराच्या बारा हजर! मी बांधावरून मार्गदर्शन केलं. चारपर्यंत सगळं रान तयार. जाताना प्रत्येकीने विचारलं, येणार ना? प्रत्येकीला शब्द दिला. बारा जेवणं. रात्रीची पोळी बंद करावी लागणार.
मॅडमना मेल : 'बारा महिलांनी तंत्र आत्मसात केले.'

९ डिसेंबर
प्रयागबाईंचं बोलावणं, सकाळी सातला. न्याहारी असावी म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हातात कांद्याच्या रोपांची जुडी दिली. काहीतरी गैरसमज होतोय म्हटलं, तर म्हणाल्या, "अवो भाऊ, सावड हाय ही. त्या दिशी आमी तुमच्यात, आता तुमी आमच्यात. मजुरी न्हाई, दिसाला दीस."
बारा वावरं. बारा दिवस.

१० डिसेंबर
आज बाराजणींतल्या गोजरबाईंचं वावर. आजारी असल्याचा निरोप त्यांना पाठवला. त्या स्वतः हळदीचं दूध घेऊन आल्या. मी ते प्यायलो. मग मला वावरात घेऊन गेल्या.

१२ डिसेंबर
कांदालागणीत माझी प्रगती उत्तम. मी लावलेली रोपं प्रयागबाई मागून येऊन पुन्हा लावतात. याला टीमवर्क म्हणतात.

१४ डिसेंबर
उद्या मॅडम अकराला. दहाला सटकणार, आंघोळ, शर्ट, सर्टिफिकेट. प्लॅन पक्का.

१५ डिसेंबर
मॅडम साडेनऊलाच आल्या. मी चिखलात, डोक्याला टॉवेल. बांधावरून त्यांनी मलाच विचारलं, ट्रेनर कुठे आहेत?
उठायला गेलो, कंबर उठेना. खरं सांगायचं तर पाचट किती जाड पसरायचं हेही मला बायांनीच सांगितलं होतं. लाज वाटली. वाकल्या वाकल्याच प्रयागबाईंकडे बोट केलं.
त्या दीड तास बोलल्या. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?
"नवा हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "हात लई हळू, पर दिल्या शब्दाला जागतो."
मॅडमनी प्रशिक्षणार्थींची यादी पुढे केली. मी सही केली.
उद्या सातला अंबाबाईंचं वावर.