धुतलेला सदरा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल चुरगळ्याला तुझ्या दारात सोडून निघालो तो मागे न बघता. बघितलं असतं तर त्याला घेऊनच परतलो असतो. जुनी इमारत पाडणार, म्हणून सात घरं पाहिली. सगळीकडे एकच उत्तर, माणसं चालतील, कुत्रा नाही. आपल्या लॉन्ड्रीत ठेवावा तर रात्रभर शटरआड एकट्याला कोंडायचं, ते जमेना.

सहा वर्षांपूर्वी तो इस्त्रीच्या टेबलाखाली येऊन बसला, तेव्हा अख्ख्या दुकानात सुरकुतलेलं असं तेवढंच होतं, म्हणून हे नाव. त्याला उबेत झोपायची सवय आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे? लोभ आहेच, या खेपेला त्यात चुरगळ्यालाही वाटा दे.

तुझा,
धाकटा

दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आठ दिवसांत तुझा लाडका दोनदा जेवला. संध्याकाळी समोरच्या गॅरेजचं शटर वाजलं की ताडकन उठून दाराशी जातो. कोणी आलं नाही की तिथेच बसून राहतो. काल त्याने गादी ओली केली. मी ओरडले, तर कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला, आणि मग मलाच जेवण गेलं नाही. तुझे भाऊजी खोकत खोकत त्याला चोरून बिस्किटं देतात, त्यांच्याकडेही तो ढुंकून बघत नाही.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, याचं माणूस हरवलंय. त्या माणसाच्या अंगावरचं एखादं कापड द्या म्हणाले. तुझा एक सदरा लगेच पाठव. स्वतःला जप.

तुझी,
ताई

दि. २० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सदरा पोचला. अरे शहाण्या, धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून आणि वर कागदात गुंडाळून पाठवलास. चुरगळ्याने घडीवर नाक ठेवलं, एकदा हुंगलं आणि परत दाराशी जाऊन बसला. मी हसले आणि नंतर बराच वेळ रडले. आता मळका पाठव, आणि वर माझे आशीर्वाद घे.

तुझी,
ताई

दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हाताला वळणच तसं पडलंय. आपल्या घरातून न धुतलेलं कापड कधी बाहेर गेलंय का? हा सदरा चार दिवस इस्त्रीसमोर घालून उभा होतो. बायको दोन हात लांबून बोलत होती. वास उडू नये म्हणून पिशवीचं तोंड गच्च बांधलंय, त्याच्या समोरच सोड.

घरमालकाला परत विचारलं. पुन्हा विषय काढलास तर घर खाली कर म्हणाला. माझ्या हातात काहीच उरलं नाही, ताई. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

त्या सदऱ्यावर झोपून चुरगळ्या जेवायला लागला, ते तुला कळवलं होतं. पुढचं कळवलं नाही, तुला लागेल म्हणून. हल्ली शटर वाजलं तरी तो उठत नाही. मी बाजारातून आले की जिना चढायच्या आतच दारामागे शेपटी आपटायला लागते. तो माझा झाला रे.

आणि आता भाऊजींना श्वास लागून दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. कुत्र्याच्या केसांनी होतंय, कुत्रा घरात नकोच, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊजी म्हणाले, राहू दे, मी गोळ्या घेईन. पण त्यांची छाती कशी वाजते ते मी ऐकते. उद्या गावाबाहेरच्या रोपवाटिकेच्या बाई चुरगळ्याला न्यायला येतील. बाई चांगल्या आहेत. चावतो का, खातो किती, असं सगळं विचारून गेल्या. वाट किती दिवस बघतो ते त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्याच्याने सांगवलं नाही.

तुझ्या सदऱ्याला आता तुझा वास उरलेला नाही. आत्ता तो माझ्या पावलांवर मान टाकून निवांत झोपलाय, मी घरात आहे म्हणून. एवढ्या उकाड्यात चार दिवस मी अंगावरची शाल काढलेली नाही. उद्या ती त्याच्याबरोबर देणार आहे, न धुता.

तुझी,
ताई