आधी मारलेल्या रेघा

२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. टेकडीवर रेंज नाही. खाली उतरून फोन केला तर तुला निम्मं ऐकू येत नाही, मग मी ओरडते आणि शेजारच्या चार घरांना आपल्या बातम्या फुकट कळतात. त्यापेक्षा पत्र बरं.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला यायचं जमत नाही. रजा नामंजूर. वाऱ्याच्या महिन्यांत रजा नाही, कारण तेव्हा पवनचक्क्या वीज देतात. वारा पडतो तेव्हाही नाही, कारण तेव्हा दुरुस्त्या निघतात. लोकांना वाटतं आम्ही वर गार वारा खात असतो. टॉवरच्या आत वारा नसतोच रे. शिडी असते, ग्रीसचा वास असतो आणि बंद डब्यातली उकड. परवा वारा ठरलेल्या आकड्यापुढे गेला म्हणून चढायला बंदी होती. सकाळी आठपासून तीनपर्यंत पट्टे बांधून जीपमध्ये बसलो होतो, आणि कंट्रोल रूमवाला दर अर्ध्या तासाने वायरलेसवर विचारत होता, की एवढा छान वारा असताना मशीन बंद का. मी म्हटलं, तू वर येऊन फुंकर मार. त्यावरून समज मिळाली.

पण खरा वैताग वेगळाच आहे. आमच्या उस्तादांना कामावरून घरी बसवलंय. अकरा वर्षं ते आणि मी एका जोडीत आहोत. टॉवर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या नळ्या, आणि प्रत्येक सांध्याला शंभरावर बोल्ट. उस्ताद पान्याने बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतात, मी पाठोपाठ प्रत्येकावर पेंटची रेघ मारते, बोल्टपासून खालच्या लोखंडापर्यंत सरळ. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. गेल्या आठवड्यात सतरा नंबरच्या टॉवरमध्ये एक बोल्ट तुटून पडलेला सापडला. शेजारच्या अकरा बोल्टांवर रेघा अगदी सरळ, आणि पाना लावला तर सगळे ढिले. म्हणजे न आवळताच रेघा मारल्या. कागदावर सही उस्तादांची. पंधरा जुलैला चौकशी आहे. दोषी ठरले तर निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना कायमचे घरी.

मी त्यांच्यासाठी साहेबांकडे अर्ज दिला. लिहिलं, की वय झालंय, नजर थकली आहे, आजवरची सेवा पाहून सांभाळून घ्यावं. उस्तादांना हे सांगायला गेले तर त्यांनी धड वर बघितलंसुद्धा नाही. माणसं अपमानाने किती कडू होतात!

आईला नमस्कार, वहिनींना आठवण. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, इथे बाकी सगळं आटलंय.

तुझी,
चिमणी


१० जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

चाळिशी ओलांडलेल्या बाईला चिमणी लिहिताना मलाच हसू येतं. पण तू अजून उंचावरच बसतेस, तेव्हा चालेल.

आईचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि तुझी वहिनी डोक्याला हात लावून बसली आहे. तू आली नाहीस म्हणून आई रागावलेली नाही. तुझ्या साहेबाला मात्र तिने अशी काही नावं ठेवली, की ती पत्रात लिहिता येत नाहीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण औषधाच्या खिडकीत माझी तीस वर्षं गेली, तेव्हा खुणा करण्यातलं थोडंफार कळतं. गोळी हातात दिल्यावर नावापुढे टिक करायची हा नियम. रांग वाढली की आम्ही शहाणपणा करायचो, आधीच सगळ्या टिका मारून ठेवायचो. एकदा एक म्हातारे गृहस्थ गोळ्या न घेताच परत गेले आणि कागदावर घेतल्याची नोंद राहिली. ती टिक माझी होती.

म्हणून एक विचारतो, राग मानू नकोस. उस्ताद आवळतात आणि रेघ तू मारतेस, असं तूच लिहिलंयस. मग सतरा नंबरवरच्या रेघा कोणाच्या?

जपून राहा. आम्हा तिघांची माया तुझ्यापाशी आहेच, ती काही रजेवर जात नाही.

तुझा,
दादा


१९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

तुझा प्रश्न वाचून आधी संतापले. दोन दिवस मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते. मग डायरी काढली. अकरा मार्चला लिहिलंय: ‘सतरा नंबर. आजही रेघा आधी मारून ठेवल्या. अर्धा तास वाचला. असं डोकं चालवायला हवं.’

दादा, माझंच अक्षर. उस्ताद पहिल्या बोल्टापाशी असताना मी पूर्ण सांध्याला रेघा मारून मोकळी व्हायचे आणि पुढच्या मजल्यावरची तयारी करायला जायचे. आवळताना बोल्ट फिरून रेघ तुटली, की उस्तादच ती पुसून नवी मारायचे. त्यांनी एकदा हटकलं होतं. मी म्हटलं, तुम्ही आवळणारच आहात ना, मग रेघ आधी काय नि नंतर काय. त्या दिवशी मधेच वारा चढला, खाली उतरायचा हुकूम आला, बारा बोल्ट राहिले. दुसऱ्या दिवशी आम्हाला दुसऱ्या मशीनवर पाठवलं. उरलेलं काम ज्या टोळीकडे गेलं, त्यांनी सगळीकडे रेघा बघितल्या आणि काम झालंय समजून परतले. उस्तादांना वाटलं त्या टोळीने पुरं केलं. सही केली.

हे मला आठवत कसं नव्हतं? की आठवायचं नव्हतं? रोज लिहिते, पण मागचं पान उलटत नाही. आणि वर मी त्यांच्या नजरेबद्दल अर्ज लिहिला!

आणखी एक. ‘आज’ नाही, ‘आजही’ लिहिलंय. म्हणजे त्याआधीही. किती मशीनवर, ते डायरीत नाही. त्या एका ‘ही’ने माझा जीव खाल्लाय. त्या हंगामात आम्ही आणखी नऊ मशीन केली होती.

मला शिव्या दे, पण पत्र लवकर टाक. मनातून उतरले असले तर तेही लिही.

तुझी,
चिमणी


२५ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

शिव्या द्यायला वेळ नाही, हे आजच्याच टपालात घालतोय. चौकशीची वाट बघू नकोस. उद्या जा, सांग आणि लेखी दे. तुझी नोकरी गेली तर इथे एक खोली आहे आणि धूळ पुसायला माणूस हवंच आहे.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते मागच्या पत्रात लिहिलं नाही. ते बरे झाले. पण मी त्या टिकेबद्दल कोणाला काही बोललो नव्हतो. तुला पहिल्यांदा सांगतोय.

आईने पत्र मागितलं. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. ती म्हणाली, डोळे माझे कापलेत, तुझे नाहीत. काही तरी कळलंय तिला.

मनातून उतरायला आधी तिथून उठावं लागतं. बस गप्प.

तुझा,
दादा


८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. लेखी दिलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि विचारलं, की वाऱ्याच्या ऐन भरात हे सुचायची काय गरज होती. माझी चूक ‘संवादातील त्रुटी’ म्हणून लिहून द्यावी, उस्तादांनाही ताकीद देऊन परत घेऊ, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, संवाद उत्तम झाला होता, त्यांनी हटकलं आणि मी ऐकलं नाही. मग म्हटलं, बाकीची नऊ मशीन थांबवून तपासा. तर म्हणे, हंगाम संपल्यावर बघू, रेघा आहेत म्हणजे काम झालेलं आहे. दादा, डोकं आपटावं तर भिंतही दूर होती!

प्रत्येक टॉवरच्या तळाशी एक लाल बटण असतं. धोका दिसला तर ते कोणीही दाबावं असा नियम आहे, आणि दाबलं की तिथे जाऊन सोडवल्याशिवाय कंट्रोल रूमला मशीन चालू करता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप घेतली आणि नऊच्या नऊ बटणं दाबून आले. दुपारपर्यंत वायरलेसवर एवढा आरडाओरडा झाला, की तुलासुद्धा ऐकू आला असता.

तपासणी करावीच लागली. आठ मशीनवर एकूण एक बोल्ट घट्ट निघाला. माझ्या रेघांच्या मागून उस्तादांनी एकही सोडला नव्हता. नवव्यावर सात ढिले. आठ मशीन विनाकारण बंद केल्याबद्दल मला नोटीस आली. नवव्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला चढायची बंदी झाली, आता गोदामात बसायचं. उस्तादांवरचा ठपका गेला, चौकशी रद्द झाली. हे एक मिळालं.

काल ते नवव्या मशीनचं काम पुरं करायला आले. मी तळाशी दारात उभी राहून माफी मागितली, घोकून नेलं होतं तेवढं सगळं बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, की रेघा कोणाच्या ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. न विचारता सही केली ही त्यांचीही चूक, म्हणून ते गप्प बसले, आणि मॅडमना, म्हणजे मला, कधी आठवतंय याची महिनाभर वाट बघितली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण साहेबांनी माझा तो पहिला अर्ज त्यांना सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता, नजरेचं वाक्य दोनदा.

त्यांनी पट्टे आवळले आणि म्हणाले, मॅडम, दारातून बाजूला व्हा, मला वर जायचंय.

मी झाले.

हे पत्र आईला वाचून दाखव, सगळं. लोभ कमी झाला तर समजून घेईन, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
चिमणी