पंख्याला पेरू

प्रिय हुजैफाभाई,

दहिवलीहून मस्कतला पत्र पोचायला किती दिवस लागतात कुणास ठाऊक, पण हे मला फोनवर सांगायचं नव्हतं. आधी खुशाली. अम्मीचे गुडघे तसेच आहेत, दुकान चालू आहे, आणि अब्बा परवा मोठ्याने हसले. अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदा.

अब्बांचं बोलणं तुला माहीत आहे. डोक्यात शब्द बरोबर असतो, तोंडून भलताच निघतो. पंखा म्हणायला जातात आणि 'पेरू' म्हणतात. गिऱ्हाईक हसतं, नाहीतर बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडतं. लोकांना समजावून मी थकले आणि शेवटी त्याचा व्हिडिओ गेम बनवायला घेतला. अम्मी भडकली, "बापाच्या दुखण्याचा खेळ करतेस?" सांगून कळत नाही ते स्वतः करून कळेल, एवढंच वाटत होतं.

गेममध्ये खेळणारा आपल्यासारखाच विजेच्या सामानाचा दुकानदार होतो. गिऱ्हाईक आलं की पडद्यावरचा शब्द निवडायचा. निवडला 'पंखा', तर दुकानदार म्हणतो 'पेरू'. गुण नाहीत, हारजीत नाही. समोरचा थांबला तर खाणाखुणांनी जमतं, नाहीतर तो निघून जातो. हे किती अवघड ठेवायचं यावर मी फार डोकं फोडलं. पटकन जमलं तर खेळणाऱ्याला नुसती दया येणार, फार अडलं तर तो कंटाळून उठणार. मला दोन्ही नको होतं.

परवा कर्जतला आमच्यासारख्या गेम बनवणाऱ्यांचं छोटं प्रदर्शन होतं. अब्बा हट्टाने आले. गेमची चित्रं माझ्या मैत्रिणीने, कडावच्या समिधाने काढलीत. तिचे वडील रूपेशकाका खेळायला बसले. अब्बांच्या कानाशी सगळ्यात मोठ्याने ओरडतात ते हेच. थोड्याच वेळात त्यांनी टेबलावर हात आपटला. "अरं, मी बरोबर दाबलंय! ह्योच उलटं बोलतोय!" माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अब्बांना अपमान वाटला तर? पण अब्बा हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी चालता डावा हात काकांच्या खांद्यावर ठेवला, मग स्वतःच्या छातीवर थोपटला. मग काका हळू म्हणाले, "सुलेमानभाई, तुमचं रोज असंच व्हतं?"

काल ते बल्बचा होल्डर घ्यायला आले. स्टूल ओढून बसले आणि अब्बांना शब्द सापडेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. अम्मीने दारातून पाहिलं. मग दोघांसाठी चहा घेऊन आली.

आता खरं कारण. काल संध्याकाळी अब्बांनी मला लॅपटॉप उघडायला लावला. गेममध्ये दुकानातला फोन वाजतो तो प्रसंग मी अजून रिकामा ठेवला होता. अब्बांनी भिंतीवरचा तुझा फोटो काढून आणायला लावला आणि पडद्यावरच्या त्या फोनशेजारी टेकवला. मग गेमच्या शब्दांच्या यादीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं: 'ये'. मी विचारलं, "आणि तोंडून काय निघतं, अब्बा?" त्यांनी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं: 'जा'. माझ्याकडे बघत राहिले, मला कळलंय का ते. भाई, बकरीदच्या फोनवर ते तुला तीन-चारदा 'जा, जा' म्हणाले आणि तू फोन ठेवलास. दुकान विकायचा विषय काढलास म्हणून त्यांनी तुला तोडलं, असं तुला वाटलं. आम्हालाही तेच वाटलं होतं. इतके महिने ते कळवायला धडपडत होते आणि आम्ही त्यांना गोळी देऊन झोपवत होतो. माझी मान हललेली पाहून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्यांनी. फोनवर त्यांच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही, म्हणून हे कागदावर लिहितेय. अब्बा शेजारीच बसलेत आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावतायत. त्यांचा निरोप एकाच शब्दाचा आहे. ये.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
नमिरा