तुझ्या सॅटेलाइटला काय दिसतंय?

प्रिय दादा,

वहिनींनी तुझ्यासाठी एक निरोप दिलाय. तो शेवटी सांगते. आधी सांगितला तर माझ्याच्याने पुढचं लिहवणार नाही.

आज तुझा स्मृतिदिन, आणि आजच पुन्हा एक हरिकेन टेक्सासच्या किनाऱ्यावर, तुझ्या गावाच्या रोखाने निघालंय. आजचाच दिवस सापडला का त्याला? इकडे डार्मश्टाटला लख्ख ऊन आहे. समोरच्या आजी बाल्कनीतल्या फुलांना पाणी घालताहेत. मी मात्र सकाळपासून स्वयंपाकघरात लॅपटॉपवर वादळाचा नकाशा उघडून ठेवलाय. समुद्रात पांढरं चक्र, पुढे किनाऱ्याकडे रुंद होत गेलेला पट्टा आणि त्याच्या बरोबर मधोमध तुमचं गाव. उठून यावं म्हटलं, तर तिकडचा विमानतळ बंद. माझ्या येरझाऱ्यांना आमची पोर मैत्रीही कंटाळली. "मामा, सेट्स दिश दोख!" म्हणाली, म्हणजे आई, बस ना आता! तुझी भाची अजून जर्मन पोरांसारखी आईला मामाच म्हणते. बसले बाई. पण बसून तरी काय करू?

तू मला हवामान खातं म्हणायचास, आठवतं? येईल त्या पाहुण्याला सांगायचास, "आमची सुजाता जर्मनीत सॅटेलाइटवर बसलीये, वादळ आधी तिला दिसतं." अरे, किती वेळा सांगितलं तुला! मी उपग्रहाच्या बॅटऱ्या सांभाळते, तो तापला-गारठला तर बघते. अंदाज काढणारी माणसं वेगळी. तुझं छप्परसुद्धा दिसत नाही मला तिथून. तू नुसता हसायचास.

तू गेलास त्या वर्षीच्या वादळातही फोनवर हसतच विचारलंस, "काय हवामान खातं, तुझ्या सॅटेलाइटला काय दिसतंय?" मी ओरडले होते. "दादा, थट्टा पुरे, निघ तिथून!" तर तू काय म्हणालास? "अगं, आपलं घर दोन मजली. इथल्या मराठी मंडळातली तीन कुटुंबं आलीयेत आसऱ्याला. खिचडी टाकलीये. आता पाहुण्यांना काय हाकलून देऊ?"

खिडक्यांना प्लायवूड ठोकलंस, बाथटब पाण्याने भरून ठेवलास, टॉर्च, सेल, औषधं सगळं हाताशी. केमिकल प्लांटमधली शिस्त होती ना तुझी! सगळं केलंस, फक्त निघाला नाहीस. मला अजून राग येतो तुझा.

पाणी घरात शिरलं तेव्हा तू सगळ्यांना वर नेलंस. मग मेन स्विच बंद करायचा राहिला म्हणून एकटा खाली गेलास. नागपूरलाही तुझं तेच. आभाळ जरा गडगडलं की तू स्टुलावर चढून आधी मेन स्विच बंद करायचास आणि अंधारात आई करवादायची, "अरे, भाजीत मीठ घातलं की नाही तेही दिसेना!" त्या दिवशी वर गेलेले सगळे वाचले. तू वर आला नाहीस.

पाणी ओसरलं तेव्हा भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. तुमचा फ्रीज शेजारच्यांच्या अंगणात सापडला. वहिनींनी भिंती त्या रेघेपर्यंत फोडून पुन्हा बांधून घेतल्या आणि तिथेच राहिल्या. मी कितीदा म्हटलं, इकडे या. येतात कुठल्या!

आज त्यांच्याकडे उजाडत होतं तेव्हा फोन केला. गाव सोडायचा आदेश आलेला, आणि वहिनी म्हणतात, "भोजनदानाची सगळी तयारी झालीये. लोक बुद्धवंदनेला यायचेत. खीरही झाली. ह्यांच्या दिवशी मी दाराला कुलूप लावू?" तेच घर, तीच माणसं, खिचडीच्या जागी खीर! मी विनवलं, रडले, भांडले. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "सुजाता, तुझ्या सॅटेलाइटला काय दिसतंय गं?"

तुझाच प्रश्न, दादा. या खेपेला थट्टा नव्हती.

"दिसतंय वहिनी," मी म्हटलं. "आपलं छप्पर दिसतंय. वादळ सरळ आपल्या घरावरच येतंय."

"खिरीचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"पातेलं गाडीत ठेवा. सगळ्यांना घ्या आणि निघा."

निघाल्या! पण पुढे हायवेवर सगळं गाव अडकलेलं. गाड्या जागच्या हलेनात, पंपांवरचं पेट्रोल संपलेलं. त्या तिथे अडकलेल्या, मी इथे. शेवटी त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि उघड्या खिडक्यांतून शेजारच्या गाड्यांमधली आपली मंडळीही वंदना म्हणू लागली. मी आणि मैत्री इथे ओट्यापाशी हात जोडून उभ्या. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. तुझ्याच दिवशी मी खोटं बोलले होते!

वंदना संपल्यावर वहिनींनी स्पीकर बंद केला. "चौथं म्हटलं नाहीस तू."

मला रडूच फुटलं.

"वेडी आहेस का? तुला तिथून छप्पर दिसत नाही, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं."

"मग निघालात कशाला वहिनी?"

"तू कधी खोटं बोलत नाहीस. आज बोललीस, तेव्हा म्हटलं, आता थांबण्यात अर्थ नाही."

गाड्या आता हळूहळू पुढे सरकताहेत म्हणे. वादळ अजून किनाऱ्याला लागायचंय. मी नकाशासमोरून हललेली नाही, हलवतच नाही. तुझं घर कोरडं राहिलं, तर मंडळ मला जन्मभर खोटारडी म्हणेल. म्हणू दे! मला खोटंच ठरायचंय, दादा.

एक वचन देते. वहिनी सुखरूप पोचल्या की चौथं शील पुन्हा पाळीन. पण पुन्हा कधी वादळ आलं आणि आपलं कुणी घर सोडायला तयार नसलं, तर मला इथून त्याचं छप्पर दिसेलच. अगदी कौलांसकट दिसेल.

आता वहिनींचा निरोप. त्यांच्याच शब्दांत सांगते. "ह्यांना सांग, निघताना मेन स्विच मी बंद केलाय. तुम्ही खाली जाऊ नका."

तुझी,
हवामान खातं सुजाता