मागच्या स्पीकरमधला आवाज

रवि., ९ नोव्हें.

करोल बागेतून गाडीच्या स्टिरिओला ॲम्प बसवून आणला, आप्पांच्या सीटखाली. हौस माझी नाही. आई गेल्यापासून आप्पांनी तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही. नाट्यपदं जरा चांगल्या आवाजात लावली तर निदान मान डोलावतील, एवढीच आशा. डॉक्टर म्हणतात घसा ठीक, डोकं ठीक, बोलतील. कधी, ते कुणी सांगत नाही.

धौला कुआँ ओलांडलं आणि माशी शिंकली. स्पीकरमधून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. बसवणाऱ्या पम्मीला फोन. "सर जी, इंजन की सीटी है, सब में आती है. वॉल्यूम बढ़ा दो, दब जाएगी." हा माणूस आमच्या सेक्शनमध्ये शोभला असता.

आप्पा द्वारकेला घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मान हलली नाही.

मंगळ., ११ नोव्हें.

एका वेळी एकच बदल, मग तपासणी. फाइलवर नोटिंग करतो तसं. ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती फुगवायचा ते बटण, उतरवला. शिट्टी बारीक झाली, गेली नाही. कार्पेट उचललं तर बॅटरीची जाड वायर आणि स्टिरिओकडून येणारी सिग्नलची वायर, पठ्ठ्याने दोन्ही एकाच बाजूने नेल्यात, गळ्यात गळा घालून. एक दुसऱ्या बाजूला घ्यावी लागणार.

मेधा मोबाइलवर हवेचा आकडा दाखवायला खाली आली. म्हणाली, "दिल्लीच्या या धुरात बसून वायरी उपसायच्या? फुप्फुसं काय सरकारी आहेत का?" मास्क लावला.

शनि., १५ नोव्हें.

वायर हलवली. शिट्टी निम्म्यावर. उरलेली अर्थिंगची असणार. ॲम्पची काळी वायर सीटच्या बोल्टला रंगावरूनच आवळून टाकलीय. रंग खरवडून लोखंड उघडं करायला हवं. उद्या.

रवि., १६ नोव्हें.

खरवडलं. शिट्टी साफ गेली. पाच मिनिटं स्वतःवर इतका खूश होतो की...

खाली दुसरा आवाज आहे. शिट्टीने झाकला होता, म्हणून आजवर कळला नाही. फक्त मागच्या उजव्या स्पीकरमधून येतो. खालच्या पट्टीत, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसा. शब्द लागत नाहीत. थोडा वेळ चालतो, थांबतो, पुन्हा सुरू. इंजिन बंद केलं, तरी आहे. सिग्नलच्या वायरी उपटून ठेवल्या, तरी आहे.

चालत्या गाडीत ऐकावा म्हणून आप्पांना घेऊन सेक्टरात एक फेरी मारली. आवाज थांबला आणि आप्पा म्हणाले, "हूं."

ब्रेकवर पाय गेला माझा. आवाज पुढे सुरू. थांबला. "हूं."

आई-आप्पांचा संसार याच रीतीने चालला. ती सांगायची, हे हुंकार द्यायचे. भाजी आणायला निघाले तरी जाता-येता तिची गोष्ट चालू. यांचा हुंकार चुकला की ती गप्प. "ऐकणारं कुणी नाही, मग सांगू कुणाला?" या गाडीत ती मागे उजवीकडे बसायची, माझ्या पाठीशी.

मेधाला सांगितलं. ती रडली. मीही. आवाजाला आता हात लावायचा नाही असं ठरलं.

गुरु., २० नोव्हें.

ऑफिसातून आलो की आप्पांना घेऊन रोज चक्कर. काचा बंद, गाणं बंद, फक्त तो आवाज. आप्पा हुंकार देतात, मधेच "मग?", मधेच "बरं." चेहऱ्यावर रंग आलाय. मला मात्र मानेमागे गार लागतं. हीटर चालू असतो तरी.

आज इराही आली. मागे उजवीकडे बसली आणि लगेच सरकून डावीकडे. काय झालं विचारलं. "बाबा, उधर जागा नाहीये." सीट रिकामी होती. दहावीची पोरगी, अशी थट्टा करत नाही.

रवि., २३ नोव्हें.

आज आवाज बराच वेळ चालला. शेवटी आप्पा अगदी सहज म्हणाले, "हो, येतो." आईबरोबर भाजीला निघताना म्हणायचे तसं.

घरी आल्यावर कपाटातून प्रवासाची पिशवी काढली. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. पिशवी दाराशी, तिच्याशेजारी चपला, आणि स्वतः खुर्चीत दाराकडे तोंड करून.

मेधा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आवाज बंद कर. ते नाही बोलले तर नाही बोलले. आपल्यात राहू देत." मला ते बोलायला हवेत. पण ती म्हणते ते खरं आहे. फार भीती वाटली आज.

मंगळ., २५ नोव्हें.

रजा टाकली. सापडलं. मागच्या दाराच्या बिजागरीत स्पीकरची वायर चेपली गेलीय, आवरण फाटून तांबं पत्र्याला लागतंय. एवढंसं. टेप गुंडाळली. आवाज गेला.

संध्याकाळी आप्पांना गाडीत बसवलं. नाट्यपद लावलं, काचेसारखं स्वच्छ वाजलं. आप्पा मान वळवून मागच्या सीटकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. उतरायला तयार नव्हते, मेधाने हात धरून वर नेलं.

शनि., २९ नोव्हें.

आप्पा जेवत नाहीत. मेधाने पेज केली, खिमट केलं, ओठ उघडले नाहीत. मंगळवारपासून पोटात जे काय गेलंय ते चमच्याने घातलेलं दूध. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले सोमवारपर्यंत बघू, नाहीतर ॲडमिट.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. मेधाच म्हणाली, "टेप काढ. निदान जेवू देत. पिशवीचं पुढे बघू."

रवि., ३० नोव्हें.

भर दुपारी, सोसायटीच्या पार्किंगमध्येच. गाडी हलवायची नाही हे आधीच ठरवलं होतं. टेप काढली, तांबं पत्र्याला टेकवलं. आप्पांना शाल पांघरून पुढे बसवलं.

आवाज आला. तीच पट्टी, तीच लय. मला तरी तोच वाटला. थांबला.

आप्पा गप्प. नुसते ऐकत होते, कपाळाला आठ्या घालून. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. आप्पा गप्पच. मग तो सुरूच होईना. गाडीत मेधाने दिलेल्या पेजेचा वास. हे आता जेवणार नाहीत, उद्या दवाखाना, दुसरं काही डोक्यात नव्हतं. गोष्ट अडून राहू नये म्हणून त्यांच्या जागी मीच म्हणालो, "हूं."

लगेच सुरू झाला. भराभर. आणि स्पीकर मागच्या दारात आहे, पण आवाज तिथून येत नव्हता, माझ्या सीटच्या अगदी मागून येत होता.

आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या अंगात एवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"ही ती नाही," म्हणाले. स्पष्ट. आणि मग, "तू कशाला हूं म्हणालास?"

चावी काढली. वर येईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

मंगळ., २ डिसें.

काल ॲम्प उचकटून काढला. वायरींसकट. भंगारवाला घेऊन गेला. गाडी झाकून ठेवलीय, ऑफिसला मेट्रोने.

आप्पा जेवले. वरण-भात, वर लोणचं मागून घेतलं. पिशवी त्यांनी स्वतःच रिकामी केली. आणि बोलताहेत. आनंदाने उड्या मारायला हव्यात. मेधा मारतेय, सगळ्या नातेवाइकांना फोन झाले.

पण ते फक्त माझ्याशी बोलतात, आणि थांबत नाहीत. ऑफिसातून आलो की शेजारी बसवून घेतात, मनगट धरतात. त्यांची शाळा, पहिली नोकरी, विहिरीत पडलेली म्हैस, एकातून दुसरं. आयुष्यभर नुसता हुंकार दिलेला माणूस. सांगता येत नाही त्यांना नीट, नावं चुकतात, तरी रेटतात. "हूं म्हण," म्हणतात. "माझ्या गोष्टीला म्हण. दुसऱ्या कशाला नको." म्हणतो मी.

आज संध्याकाळी घसा बसला त्यांचा. मेधा पाणी घेऊन आली, "आप्पा, अहो जरा दम खा." मान हलवली, बोलत राहिले. मग ठसका लागला आणि थांबावंच लागलं. मेधा पाठ चोळत होती. इरा टीव्ही बंद करून उठून आली.

मानेमागे गार लागलं. खालच्या पट्टीतलं बोलणं थांबलं तसा मी "हूं" म्हणालो.

आप्पांनी अजून पुढचं वाक्य सुरू केलं नव्हतं.