हाडाचा वक्ता

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१५
नवी वही. हिच्यात फक्त सत्य लिहायचे, असा निश्चय. (जुन्या वहीतही होता.)

काल वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. वर्धापनदिनाचे भाषण यंदा माझे नाही. एकोणीस वर्षे माझे होते. श्रोत्यांना म्हणे यंदा काहीतरी उपयोगाचं हवंय. विषय ठरलाय, ‘साठीनंतरची हाडे आणि धमन्या’. वक्ता कोण, म्हणून विचारले, तर माझा साडू!

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. वय एकोणसत्तर, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आयुष्यात पुस्तक हातात घेतले असेल तर ते टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवायला. मी हाडाचा वक्ता, आणि हाडांवर बोलणार हा!

बाई म्हणाल्या, आभार मात्र तुम्हीच मानायचे हं सर. थोडक्यात.

थोडक्यात!

मला हेवा वगैरे वाटत नाही. फक्त जेवण गेले नाही.

३ फेब्रुवारी
हिला सांगितले. वाटले, चिडेल. तर म्हणते, भाऊजी आहेतच तसे, चार मजले चढून येतात आणि वर पाणीसुद्धा मागत नाहीत, तुम्ही पहिल्याच मजल्यावर कठडा धरता. मी म्हणालो, मी कठडा धरत नाही, विचार करायला थांबतो. ही म्हणाली, हल्ली फारच विचार येतात तुम्हाला.

५ फेब्रुवारी
रहस्य सापडले! साडूकडे गेलो होतो. सहज. तो आत चहा टाकत होता. त्याच्या हत्यारांच्या फळीवर पांढरी बाटली. लेबल: व्हिटॅमिन के-टू, मजबूत हाडांसाठी, मोकळ्या धमन्यांसाठी. उचलून हलवली. खुळखुळली. अर्धी संपवलेली दिसते. तो बाहेर येताच बाटली खाली ठेवली आणि हवेविषयी बोललो.

म्हणजे हे चार मजले गोळीचे आहेत. स्वतःचे काही नाही. फार हलके वाटले.

६ फेब्रुवारी, दुपारी
वाचनालयात तीन तास. विषय पूर्ण आत्मसात. आपण कॅल्शियम खातो, पण ते बिचारे पत्ता चुकते. हाडांत जायचे सोडून धमन्यांच्या भिंतींत ठाण मांडते. के-टू त्याला मानगूट धरून हाडांत नेऊन बसवते. एका पुस्तकात, धमन्यांबाबत पुरावा अजून पुरेसा नाही, असे होते. ते मिटून ठेवले. लेखकाला शैली नव्हती.

काय विषय आहे हा! समाजातसुद्धा हेच झालेले आहे. जो जिथे हवा तिथे नाही. कॅल्शियम धमनीत आणि लिफ्टवाला व्यासपीठावर!

७ फेब्रुवारी
बाटली आणली. नव्वद कॅप्सूल. मागे बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलेले आहे. वाचले नाही. बारीक अक्षर म्हणजे लिहिणाऱ्याला स्वतःच्या म्हणण्याची खात्री नसणे.

हिला सांगितलेले नाही. बाटली शब्दकोशाच्या मागे. त्या कोशाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

निश्चय: रोज एक, नाश्त्यानंतर. ६ मार्चला वर्धापनदिन. त्या दिवशी साडूच्या आधी, सर्वांसमक्ष, चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून वाचनालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात. कठडा वर्ज्य.

१२ फेब्रुवारी
पाचवा दिवस. फरक स्पष्ट आहे. खुर्चीतून उठताना गुडघ्याचा आवाज येतो, पण आता त्यात ठामपणा आहे. जिन्याचा सराव उद्यापासून. आज वारा होता.

१५ फेब्रुवारी
सराव उद्यापासून. जिना नुकताच पुसला होता.

१९ फेब्रुवारी
साडू आला. गळका नळ दहा मिनिटांत दुरुस्त केला. मी त्या नळावर प्लंबरला दोन पत्रे लिहिली होती. हिने त्याला चहा चांगल्या कपात दिला. मला कान तुटलेला.

म्हणतो, काय वक्ते, आभाराची तयारी कुठवर? मी म्हणालो, चौदा पाने झाली. तो म्हणाला, बाप रे, माझं तर भाषणच दहा मिनिटांचं आहे. ही हसली. माझ्या विनोदांना ही गेल्या कित्येक वर्षांत अशी हसलेली नाही.

जाताना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला. मुद्दाम.

निर्णय: उद्यापासून रोज दोन कॅप्सूल. नावातच टू आहे, हे इतके दिवस लक्षात कसे आले नाही?

२६ फेब्रुवारी
महिन्याची रक्ततपासणी. मागे हृदयाचा ठोका चुकत होता, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, त्यासाठी. रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. रक्त दाट झालंय म्हणे. दुसरं काही घेता का? मी म्हणालो, व्यासंगाशिवाय काही नाही. त्यांनी गोळी वाढवली, दहा दिवसांनी परत या म्हणाले.

घरी येताना मनन केले. हाडे दाट व्हावीत म्हणून घेतले, रक्तसुद्धा दाट झाले. याचा अर्थ औषध सर्वदूर पोचते आहे.

६ मार्च, दुपारी ४.००
आज! इस्त्रीचा कोट. चौदा पाने खिशात. सकाळी तीन कॅप्सूल. ही बहिणीबरोबर पुढे गेली. निघतो.

६ मार्च, रात्री ८.३०
फक्त सत्य लिहायचे ठरले आहे, म्हणून लिहितो.

पहिला मजला, उत्तम. दुसऱ्यावर विचार करायला थांबलो. विचार इतका वाढला की मागून येणारी दोन शाळकरी मुले म्हणाली, आजोबा, पाणी देऊ? तेवढ्यात समोर लिफ्ट आली. जुनी, जाळीच्या दाराची. रिकामी. तिसऱ्यावर उतरून शेवटचा मजला पायी चढायचा, असा डाव.

दोन आणि तीनच्या मध्ये ती थांबली.

वरून स्पीकरचा आवाज स्वच्छ येत होता. साडू उभा राहिला. मी कान टवकारले. म्हणाला, मंडळी, मला डॉक्टरकीतलं ओ की ठो कळत नाही. मी चाळीस वर्षं लिफ्ट आतून बघितल्यात. म्हणून जिन्याने जातो!

सभागृहात हशा पिकला. मी न राहवून घंटा दाबली. मग स्पीकरवर साडू, ही घंटा माझ्या ओळखीची आहे, बसा, आलोच.

आधी त्याचे बूट दिसले, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर. मग तो वाकला. अरेच्चा, वक्ते? पिशवीतून ती पांढरी बाटली काढली. मला वाटले, जोर लावण्याआधी डोस घेतोय. मी जाळीतून ओरडलो, तुम्ही किती घेता? मी तीन घेतो!

त्याने बाटली तळहातावर उपडी केली. चार वॉशर, दोन स्क्रू आणि दार उघडायची त्रिकोणी चावी. शेजाऱ्यांनी टाकून दिली होती म्हणे. झाकण घट्ट बसतं.

त्याच्यामागे ही उभी होती. हिने सगळे ऐकले.

बाहेर ओढून काढले तेव्हा सगळे श्रोते जिन्यावर जमलेले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, सर, आता आभार. चौदा पाने लिफ्टच्या फटीतून खाली गेली होती. मी साडूकडे पाहिले आणि म्हणालो, आभारी आहे.

एकोणीस वर्षांत अशी टाळी मिळाली नव्हती.

७ मार्च, रात्री ९.००
सकाळी बाटली घेऊन ही डॉक्टरांकडे. मी मागून. डॉक्टरांनी लेबल वाचले. मग म्हणाले, तुमच्या या गोळीचं आणि के जीवनसत्त्वाचं वाकडं आहे, एक रक्त पातळ ठेवते, दुसरं तिचं काम हाणून पाडतं, गुठळी होऊन मेंदूत गेली असती म्हणजे? बाटलीवर लिहिलेलंसुद्धा आहे. त्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवले. होते खरे.

घरी आलो. दारात ही म्हणाली, मला तुम्ही कठडा धरून चाललात तरी चालतं हो. चांगल्या कपात चहा दिला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

दुपारी साडूचा फोन. वाटले, चौकशी करेल. म्हणाला, वक्ते, ती तुमची बाटली टाकू नका, मोठे स्क्रू ठेवायला हवीच होती.

कॅप्सूल डॉक्टरांकडेच राहिल्या होत्या. बाटली धुऊन, पुसून नेऊन दिली.

त्याच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा धरला. झाकण खरेच घट्ट बसते.