आत्यांचं लुगडं

गुरुवार, ११ एप्रिल २०२४

अहो,

नमस्कार. इकडे सगळे सुखरूप आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. काळ्या मेंढीला जुळी कोकरं झाली. कालव्याला पाणी आहे. आत्यांचा गुडघा दुखतो, पण गोळी घेतील तर त्या तुमच्या आई कसल्या!

उद्या बिरोबाची जत्रा. यंदा पहिला नैवेद्य आपल्या घरचा नाही. आत्यांनी येशूचा धर्म धरला, हे दादासो भाऊजींनी तुम्हाला कळवलंच आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आई अशी कशी वागली?" मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

मागच्या महिन्यात कालव्यात बाप्तिस्मा झाला. भाऊजींनी पलीकडच्या काठावरून पाहिलं. बाई पाठमोरी होती, अंगावर आत्यांचं हिरवं इरकली लुगडं. ते तर सगळी भावकी ओळखते. लुगडं आत्यांचंच होतं, पण नेसले होते मी.

प्रार्थना घेणारे पाळक म्हणाले होते, पाण्यात अंगाला चिकटणार नाही असं जाड काहीतरी नेसून या. आत्यांनीच पेटीतून काढून दिलं. त्यांना वाटलं, हाही नवसच. "देवाच्या नावानं आंघूळच हाय न्हवं? जा, करून ये," म्हणाल्या. काय झालं ते त्यांना पुढे भावकीच्या बैठकीतच कळलं.

मी तिकडे का गेले, ते लिहिते. दुसऱ्यांदा पोट रिकामं झालं, तेव्हा इथे जो तो विचारायचा, कुणाचं काय चुकलं. बयाबाई बांगडीवाली मला रविवारी सांगली रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला घेऊन गेली. तिथे कुणी काही विचारलं नाही. डोक्यावर हात ठेवला आणि रडू दिलं. तुमच्यापुढे रडले नव्हते, तुमची सुट्टी संपत आली होती. पुढे मी जातच राहिले. मला तिथे देव भेटला. याहून नीट मला सांगता येत नाही.

देवळापुढे बैठक बसली. भाऊजींनी विचारलं, "काकू, कालव्यात बुडी मारल्याली तुमीच का?"

आत्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "व्हय, मीच. काय करायचं ते करा."

नैवेद्याचा मान काढून घेतला. लग्नकार्यात बोलावणं बंद. घरी येऊन मी रडायला लागले तर म्हणाल्या, "गप ऱ्हा. मला म्हातारीला काय करत्यात? तुला म्हायेरी धाडतील. आन् विशू तिकडं बंदूक घिऊन हुबा हाय, त्येच्या डोक्याला घोर नगं." स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

ती शपथ मी आज मोडतेय. पाळकसुद्धा म्हणाले, बाई, जत्रा होऊ दे, आत्ताच बोललीस तर पोरं शेड मोडतील. त्यांचंही खोटं नाही. पण जिनं येशूचं एक गाणं म्हटलं नाही, ती बाई माझ्यासाठी आपल्या देवाला पारखी झाली. आज सवयीनं त्यांनी पुरणाची डाळ भिजत घातली. मग आठवलं तशा पातेल्याकडे बघत बसल्या. मला बघवेना.

उद्या पालखी उठायच्या आत मी देवळापुढे उभी राहून खरं सांगणार आहे. भीती वाटते. पण प्रभूला सोडणार नाही, आणि आत्यांना माझी शिक्षा भोगू देणार नाही. मला घरात ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या शब्दावर भांडणार नाही.

एवढं मात्र करा. पत्र मिळताच आधी आत्यांना फोन लावा. परवा फोन स्पीकरवर होता, त्यांनी तुमचं बोलणं ऐकलंय. तेव्हापासून ताटावर नुसत्या बसतात.

आत्यांची सून,
आणि आज तरी तुमची,
दीपमाला